मधली कोरी जागा

१

टाकी रिकामी झाली, भोंगा वाजला, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग जितेंद्र बावणे मेला.

भरल्या टाकीने माणूस मारावा, हे एक वेळ समजतं. रिकामीने का मारावं? कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत शिरताना गोपिका वैरागडेच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करता करता तिचे केस पिकले होते. विमा कंपन्या तिला बोलावत आणि मग बोलावल्याबद्दल पस्तावत, कारण बाई कोणाची भीड म्हणून ठेवत नसे.

‘व्योमसाधन’ हा खासगी कारखाना लहान अग्निबाणांच्या इंधनटाक्यांना फोमचा थर चढवून देई. आतलं इंधन इतकं थंड, की उघड्या पत्र्यावर बाहेरची हवासुद्धा पाणी होऊन ओघळावी. म्हणून टाकीला हा फोमचा अंगरखा. तो उड्डाणात कुठे सुटला, तर त्याचा तुकडा वेगाने येऊन अग्निबाणाच्याच कुशीत घुसायचा. तसं होऊ नये म्हणून आधी जमिनीवर परीक्षा घेत. त्या दिवशी टाकी उभी करून तिच्यात द्रवरूप नायट्रोजन भरला, काढला. सगळं आलबेल असल्याचा भोंगा झाला. जितेंद्र रिवाजाप्रमाणे शिडीने वर तपासणीला गेला. कमरेचा पट्टा एका कडीतून सोडवून दुसरीत अडकवायचा, तेवढ्या क्षणात फाटकन आवाज झाला आणि दाराच्या फळीएवढा फोम सुटून त्याच्या छातीवर आला. फोम वजनाला हलकाच. पण उंचावर तोल जायला फुलाचा मारही पुरतो.

कारखान्याचे संचालक विक्रम सावरबांधेने तिला थेट कोठीच्या खोलीत नेलं. टेबलावर तो तुकडा होता. उन्हाने तांबूस झालेल्या त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक, नेटकी भोकं होती.

“दाभणाने पाडलीत कोणीतरी,” विक्रम म्हणाला.

“कोणीतरी?”

“मॅडम, सौजन्य म्हणून कोणीतरी म्हणालो. आमच्या इंजिनिअर पोरीने, उन्नतीने पाडलीत. संध्याकाळी ठाणेदार तिला न्यायला येताहेत. तुमची सही तेवढी बाकी आहे.”

२

विक्रम वाईट माणूस नव्हता. घाईतला होता, आणि घाईतल्या माणसाला सोपं उत्तर सापडलं की त्याला तेच खरं वाटायला लागतं.

“फोम म्हणजे सासुरवाशीण आहे बघा,” तो सांगू लागला. “किती जणांचं मन राखायचं तिने? जाड थर दिला तर थंडी आत राहते, पण आकसताना तोच तडकतो. पातळ दिला तर तडकत नाही, पण वरून बर्फ धरतो, आणि बर्फाचा तुकडा फोमपेक्षा वाईट. वरून जाळी आवळली तर काही सुटायचं नाही, पण जाळीचं वजन कोण वाहील? तेवढा उपग्रह कमी करावा लागतो. मग राहिली भोकं.”

“त्यांनी काय होतं?”

“उन्नतीचं म्हणणं, थराखाली कुठे पोकळी राहिली तर तिथे हवा अडकते. बारीक भोकं ठेवली की ती निघून जाईल. खोटं नाही ते. पण ज्या वाटेने हवा बाहेर जाते, त्याच वाटेने ओल आत येते. ओल गोठली की थर उकलला. मी नाही म्हणालो. तर ही भरबैठकीत ओरडली, ‘एक दिवस मीच पाडीन!’ आता पाडली.”

“पाडताना पाहिलं कोणी?”

“पाहायचं काय त्यात? अहो, ती आपल्यात मिसळतच नाही. टाकीची पूजा असते, झाडून सगळे हात जोडून उभे असतात, आणि ही बाई चहा प्यायला जाते.”

“चहा प्यायल्याने भोकं पडतात का हो?” गोपिकाने विचारलं.

विक्रमने घड्याळाकडे पाहिलं. पण बोलता बोलता त्याच्या तोंडून एक गोष्ट निसटली होती, आणि ती गोपिकाने पदराच्या टोकाला बांधून ठेवली. ही भोकं खरी ठरण्यात सगळ्यात जास्त फायदा कोणाचा होता? ‘मी नाही म्हणालो’ असं म्हणणाऱ्याचा.

३

उन्नती खोब्रागडे कँटीनच्या मागच्या बाकावर बसली होती. समोरचा डबा तसाच. वय लहान, आणि डोळ्यांखाली मात्र म्हातारपण.

“मी ओरडले होते,” ती म्हणाली. “खोटं काहून बोलू? पण पाडली नाहीत. अन् मॅडम, मले पाडायचीच असती, तर तिथं काहून पाडली असती?”

“म्हणजे?”

“पोकळी राहते ती नळीच्या आधाराजवळच्या कोपऱ्यात. तिथं मशीन पोचत नाही, हातानं फवारावं लागते. माझं सारं भांडण त्या कोपऱ्यासाठी होतं. हा तुकडा आहे सपाट भागावरचा, मशीननं फवारलेला. तिथं भोकं पाडून मी काय साधणार होते? खरं सांगू, तिथून तर फोम सुटायलेच नको होता.”

गोपिकाने आपला किडा बाहेर काढला. “भरलेली असताना टाकी गप्प राहिली. रिकामी झाल्यावर फोम का उडाला?”

“तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा कसा सुटतो? आत वाफ होते म्हणून. इथं वाफेच्या जागी हवा समजा. टाकी थंड आहे तोवर अडकलेली हवा पाणी होऊन मुकाट पडून राहते. टाकी रिकामी झाली, पत्रा तापू लागला, की ते पाणी उकळते. अन् जायले वाट नसली की ते छपरासकट उडते.” ती थांबली. “म्हणूनच तर वाट मागत होते मी.”

गोपिकाला आता कळलं. या पोरीने खरंच भोकं पाडली असती, तर फोम सुटलाच नसता!

“जितेंद्र माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खायचा,” उन्नती एकदम म्हणाली. “त्याच्या मायले भेटायले गेले होते काल. मले पाहून त्यांनी दार लावून घेतलं. नोकरी जाऊ द्या मॅडम. जेलात टाकतात तर टाकू द्या. पण ते दार…”

गोपिका तडक कोठीत परतली आणि तुकडा पालथा घातला. पत्र्याकडच्या, मागच्या अंगाला प्रत्येक भोकाभोवती फोमचा भुगा बाहेर उचकटून आला होता, वाटीच्या काठासारखा. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

फोम टाकीवर असताना मागे पत्रा असतो. दाभण पत्र्यावर थटेल. भुग्याला मागे बाहेर पडायला जागाच कुठे आहे?

ही भोकं टाकीवर पाडलेलीच नव्हती. जितेंद्रचा जीव गेल्यावर, त्याला उचलून नेल्यावर, कोणीतरी हा तुकडा पुढ्यात घेऊन बसलं होतं आणि सावकाश दाभण चालवत होतं.

४

मग विक्रम? कारण होतं, कोठीत जाणंयेणंही होतं. गोपिकाचं मन तिकडे धावलं, आणि त्याच मनाला तिने लगाम घातला. कारण तुकड्यावर आणखी काहीतरी होतं.

भोकं चारी बाजूंनी होती, पण मधली वीतभर जागा कोरी. एकही टोचा नाही. मागच्या अंगालाही तेवढीच जागा वेगळी होती. इतर ठिकाणी फोम पत्र्याच्या प्रायमरचे कपचे ओरबाडून घेऊन आला होता. मध्ये मात्र तो गुळगुळीत, जरा तेलकट, जणू तिथे तो कधी चिकटलाच नव्हता. आणि टेबलाच्या पायावरून मुंग्यांची एक रांग शिस्तीत चढून नेमकी त्या गुळगुळीत जागेवर जमली होती.

फोममध्ये मुंग्यांना काय गोड लागलं?

तुकडा खालून उचलून कोठीत आणला तो फवारणीचे फोरमन रुपराव निखाडे यांनी. त्यांचं नाव ऐकून गोपिकाला बरं वाटलं. महाल भागातल्या विठ्ठलमंदिरात एकादशीला रुपरावांचं कीर्तन असे. झांजेचा ठेका धरून ते पूर्वरंगातून कथेत शिरले, की मागे उभी असलेली माणसंही चपला विसरून पुढे सरकत. गोपिका कित्येक वर्षं तिथे खांबाला टेकून बसत आली होती. निदान इथे एक माणूस सरळ बोलेल, असं तिला वाटलं.

“या ताई, या!” रुपराव फवारणीच्या शेडमध्ये उभे होते. “काय वेळ आली पाहा जी. सोन्यासारखा पोट्टा गेला.”

शेड लख्ख होती. कॉम्प्रेसर, फोमचा पंप, दाराची चौकट, सगळ्यावर शेंदराची ठसठशीत स्वस्तिकं. मधोमध लोखंडी पाळण्यावर दुसरी टाकी आडवी ठेवली होती, अजून फोम न चढलेली, झेंडूचा हार घातलेली.

“रुपरावजी, उन्नतीबद्दल काय म्हणता?”

“पोट्टी हुशार आहे. तोंडानं तिखट, पण मनानं वाईट नाही.” त्यांनी नजर खाली घातली. “ताई, तिले पोलिसात नका देऊ म्हणा ना साहेबाले. नोकरीतून काढा, तेवढं पुरे. लेकरू आहे.”

“तिनेच केलं असेल तर पोलिसात का नाही?”

“दया असते ना ताई. तुम्ही तर कीर्तनाले येता.”

“येताना उभ्या टाकीकडे पाहिलं. फोम सुटला त्या जागेवर नवा फोम मारलेला दिसला मला. कोणी सांगितला होता?”

“कोणी काहून सांगन? उघडा पत्रा बरा दिसत नाही. ओल लागते.”

“चौकशी व्हायच्या आत?”

“चुकलंच माझं,” रुपराव लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की ती दचकली.

त्यांनी तिला एकादशीचं आमंत्रण दिलं. कथा कोणती लावणार तेही सांगितलं. तिने हात जोडले, दारापर्यंत आली, आणि चौकटीवरच्या शेंदराकडे पाहता पाहता तिचा पाय तिथेच थबकला.

इथे कॉम्प्रेसरला शेंदूर होता, पंपाला होता, दारालाही होता. मग ज्या टाकीसाठी हा सगळा पसारा, त्या नव्या टाकीला नुसता हार का?

५

“पूजेत टाकीला काय काय करतात?” तिने विक्रमला विचारलं.

“हार, नारळ, आणि रुपरावकाका तुपात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढतात. टाकी आडवी असते तेव्हा, छातीच्या उंचीवर.”

“आणि फवारायच्या आधी?”

“प्रायमर थिनरने पुसून घ्यायचा. एक बोट जरी तेलकट लागलं तरी फोम धरत नाही. ते तर शाळकरी पोरालाही…” विक्रमचं वाक्य तिथेच तुटलं.

गोपिकाने ठाणेदारांना लवकर बोलावून घेतलं आणि कमरेला पट्टा बांधून, गुडघे कुरकुरत असताना, शिडी चढली. मागोमाग विक्रम, त्याच्या मागे उन्नती. खाली शिपायांपाशी रुपराव उभे. त्यांनी वर पाहिलं नाही.

नव्या फोमचं ठिगळ डोळ्यांसमोर होतं. कडेचा फोम काढायला तिला सुरी लावून खरवडावं लागलं, चिवट गोचिडासारखा तो पत्र्याला धरून होता. मध्यावर आली आणि सुरी खिशात टाकली. दोन बोटांनी चिमटीत धरलं, तशी साय निघावी तसा फोम निघून हातात आला.

खाली स्वस्तिक होतं.

उभ्या टाकीवर ते सरळच दिसत होतं, पण शेंदराचा एक ओघळ आडवा गेला होता. टाकी आडवी असताना काढलेलं, त्याच पूजेचं. कोणी पुसलं नव्हतं.

“बाप्पा!” विक्रम एवढंच म्हणाला.

“तुपावर फोम धरला नाही,” उन्नती हळू आवाजात म्हणाली. “मधी पोकळी राहिली. हवा शिरली. अन् मग…” तिने जितेंद्रची जागा होती त्या शिडीच्या कडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मुंग्यांना तुपाचा वास आधी लागला,” गोपिका म्हणाली. “मला उशिरा.”

६

खाली उतरल्यावर फोटो निघाले, पंचनामा झाला. गोपिकाने रुपरावांना बाकावर बसवलं. ती त्यांच्याशी नेहमीच्याच मानाने बोलली, आणि तेच अधिक वाईट वाटत होतं.

“आधी मला विक्रमसाहेबांचा संशय आला होता. पण त्यांनी भोकं पाडली असती तर सरसकट पाडली असती. मधली जागा सोडायचं त्यांना काय कारण? ज्याला ठाऊक होतं की त्या जागेमागे स्वस्तिक होतं, आणि तिथे दाभण चालवायला ज्याचा हात धजला नाही, त्यानेच ती सोडली. टाकीवरचं स्वस्तिक लपवायचं तर थिनरने पुसता आलं असतं. तेही त्याला जमलं नाही. त्याने वरून फोम मारला. आणि नव्या टाकीला शेंदूर लावला नाही, कारण फोम कशामुळे सुटला हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.”

रुपरावांनी नाकारलं नाही. खुलेपणाने रडू लागले.

“पुसायले फडकं घेतलं होतं ताई. देवाशपथ घेतलं होतं. पण पूजेच्याच दिवशी स्वस्तिक पुसायचं? थिनरनं? हात वरच होईना. म्हटलं, राहू दे आत, तोच राखण करंल टाकीची.”

“ही चूक झाली. तिला क्षमा आहे. दाभण कशासाठी?”

“लोकं म्हणले असते, देवाच्या खुणेनं पोट्ट्याले मारलं. देवावर आळ आला असता. मले ते ऐकवलं नसतं.”

“म्हणून देवावरचा आळ लेकीसारख्या पोरीवर टाकला?”

रुपरावांनी डोळे पुसले. मग, ज्या शब्दांनी गोपिकाच्या मनातला त्यांच्याबद्दलचा उरलासुरला आदर गेला, ते शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारले. “ती तशीही पूजेले येत नव्हती ना ताई. कोणाले फार नवल वाटलं नसतं.”

आणि खरंच कोणाला वाटलं नव्हतं. विक्रमला नाही, कँटीनमध्ये तिच्या बाकापासून सरकून बसणाऱ्यांना नाही. रुपरावांचा नेम अचूक होता, कारण निशाणा आधीपासून तयार होता.

उन्नती समोर उभी होती. रुपराव तिच्या पायाशी वाकायला गेले तशी ती मागे सरली.

“नका काका. वाकू नका. माझ्यापाशी काय मागता? जितेंद्रच्या मायपाशी जा, अन् हे जे इथं बोलले, ते त्यांच्या दारात उभं राहून बोला. माझं नाव घेऊन बोला.”

ठाणेदार म्हणाले, “जातीलच. आम्हीच नेतो.”

विक्रम पुढे आला. “उन्नती, झालं ते वाईट झालं. माझंही चुकलं. उद्यापासून ये तू कामावर.”

“दुसऱ्या टाकीले भोकं ठेवाल?”

“ते असं पटकन कसं सांगू? ओलीचा प्रश्न आहेच ना. आता कारण कळलंय, पुसून घेतलं की झालं. बैठकीत बघू.”

“सर, यावेळी शेंदूर होता. पुढच्या वेळी कोणाच्या बोटाचं तेल असंल, कोणाचा घाम असंल. चूक माणसाकडून होतेच. ती झाल्यावर हवेले वाट पाहिजे, एवढंच मी म्हणत होते. त्या दिवशी वाट असती तर जितेंद्र उतरून जेवायले आला असता.”

“बघू म्हणालो ना.”

ती हसली. असं हसू गोपिकाने कोर्टाच्या पायऱ्यांवर पाहिलं होतं, निकाल बाजूने लागूनही सगळं गमावलेल्या माणसांच्या तोंडावर.

ठाणेदारांची कागदपत्रं आटोपली. टाकी परत फवारायला हवी होती, गिऱ्हाइकाचे फोन येत होते. विक्रमने थिनरचा डबा मागवला, फडकं मागवलं. वर उघड्या पत्र्यावर स्वस्तिक तसंच होतं. त्याने कामगारांकडे पाहिलं. एकाने बूट पाहिला, एकाने आभाळ. शेवटी त्याची नजर फिरत फिरत जिथे जायची तिथेच गेली.

“उन्नती, तू घेतेस का पुसून? म्हणजे… तुला तशी काही अडचण नसावी.”

गोपिकाचा तळहात शिवशिवला. पण ती बोलायच्या आत उन्नतीच बोलली.

“काहून? मी मानत नाही म्हणून? तुम्ही पुसलं तर पाप, अन् माझ्या हातानं पुसलं तर साफसफाई?” तिचा आवाज चढला नाही. “मले अडचण आहे सर. ज्यानं काढलं, त्यानं पुसावं.”

ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली. कोणी तिला थांबवलं नाही.

ठाणेदारांनी मान हलवली, तसे रुपराव उठले. पट्टा बांधून, एका शिपायाला मागे घेऊन शिडी चढले. खालून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बराच वेळ हात वर गेला नाही. मग फडकं पत्र्याला लागलं, एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, आणि खालचा प्रायमर स्वच्छ दिसू लागला.

एवढंच काम होतं.